घटक ७ : समूहगायनातील भाषा – चर्चमधील वृंदगानाच्या आधारे एक अभ्यास

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• बोललेली भाषा आणि गायिलेली भाषा यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• चर्चमधील वृंदगानाची रचना आणि शब्दांची सुबोधता यांचा संबंध सांगता येईल.
• परक्या चालीवर मराठी शब्द बसवताना येणाऱ्या अडचणींचे भाषिक कारण ओळखता येईल.
• समूहगायनाच्या संदर्भात ‘शुद्ध उच्चार’ या कल्पनेची चिकित्सा करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण मराठीची स्वनव्यवस्था, अक्षररचना आणि छंद यांचा परिचय करून घेतला. तो अभ्यास बहुतांशी एका व्यक्तीच्या बोलण्यावर आधारलेला होता. एक जण बोलतो, दुसरा ऐकतो, अशी भाषाव्यवहाराची कल्पना आपण गृहीत धरली होती. परंतु तीस-चाळीस माणसे एकाच वेळी, निरनिराळ्या स्वरांत, तेच शब्द उच्चारतात तेव्हा भाषेचे काय होते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी चर्चमधील वृंदगान हे अतिशय उपयुक्त क्षेत्र आहे.

एक अनुभव सांगून विषयात प्रवेश करतो. काही वर्षांपूर्वी उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात नाताळच्या आधी गायनमहोत्सव होता. आसपासच्या धर्मग्रामांतील गायकवृंद यजमान चर्चमध्ये जमले होते. प्रत्येक वृंदाने एक नेमून दिलेले व एक आपल्या आवडीचे मराठी गीत गायचे होते. संगीताचे परीक्षक वेगळे होते. माझ्याकडे ‘भाषा व उच्चार’ या सदराचे दहा गुण होते. कोळीवाड्यातून आलेल्या एका वृंदाने बाळ येशूचा पाळणा गायिला. तो संपूर्ण वृंद ‘पाळणा’ऐवजी ‘पालना’ आणि ‘गव्हाणी’ऐवजी ‘गव्हानी’ असे म्हणत होता. मी तीन गुण कमी केले. कार्यक्रम संपल्यावर त्या वृंदाच्या संचालिका मला भेटल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, आमच्या आयांनी आम्हांला पालना म्हणतच निजवलं. चर्चमध्ये आलो म्हणून त्याचा पाळणा कसा करायचा?”

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. या घटकातील विवेचन हे एका अर्थी त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. ते देण्यासाठी प्रथम चर्चमधील गायनाची रचना, नंतर तिचा इतिहास आणि शेवटी मराठीचा स्वभाव असा क्रम आपण घेणार आहोत.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ वृंदगानाची रचना

भजनी मंडळात अनेक जण गातात, परंतु सर्वांची चाल एकच असते. बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी ध्रुवपद उचलून धरतात. पाश्चात्त्य परंपरेतील वृंदगानाची कल्पना याहून वेगळी आहे. तेथे आवाजांचे साधारणपणे चार गट असतात : स्त्रियांचा उंच आवाज तो सोप्रानो, स्त्रियांचा खालचा आवाज तो आल्टो, पुरुषांचा उंच आवाज तो टेनर आणि पुरुषांचा खालचा आवाज तो बास. प्रत्येक गटाची स्वरपंक्ती स्वतंत्र असते. या पंक्ती एकाच वेळी गायिल्या गेल्यावर जो स्वरमेळ निर्माण होतो त्यास ‘हार्मनी’ म्हणतात.

भाषेच्या दृष्टीने या रचनेचे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. पहिल्या प्रकारात चारही गट भिन्न स्वरांवर असले तरी एका क्षणी एकच अक्षर उच्चारतात. यास होमोफोनी म्हणतात. बहुतेक उपासनागीते या प्रकारची असतात. दुसऱ्या प्रकारात गट एकामागून एक प्रवेश करतात. एक गट तिसऱ्या शब्दावर असताना दुसरा पहिलाच शब्द म्हणत असतो. यास पॉलिफोनी म्हणतात. गुंफण जितकी दाट, तितका नाद समृद्ध; परंतु त्याच प्रमाणात शब्द पकडणे श्रोत्याला अवघड जाते.

यात वास्तूचीही भर पडते. उंच छताच्या दगडी चर्चमध्ये उमटलेला आवाज लगेच विरत नाही. भिंतींवरून परतणारा नाद पुढच्या अक्षरावर पसरतो. स्वर दीर्घकाळ टिकणारे असल्याने ते या प्रतिध्वनीत अधिक खुलतात. क, त, प यांसारखी क्षणिक व्यंजने मात्र त्यात बुडून जातात. शब्दाशब्दांतील अर्थभेद मोठ्या प्रमाणात व्यंजनांवर अवलंबून असतो. ‘माया’, ‘छाया’ आणि ‘काया’ या शब्दांतील पहिले व्यंजन ऐकू आले नाही, तर श्रोत्याच्या कानी केवळ ‘आ-या’ एवढेच पडते. म्हणजे चर्चची वास्तू संगीताला जे देते, तेच काही अंशी भाषेकडून काढून घेते.

७.२.२ ‘शब्द कळतात का?’ – एका प्रश्नाचा इतिहास

शब्द आणि नाद यांतील हा ताण नवा नाही. युरोपात सोळाव्या शतकात तो धर्मसुधारणेच्या केंद्रस्थानी आला. मार्टिन ल्यूथर यांनी सामान्य भाविकांनी स्वतःच्या जर्मन भाषेत गावे असा आग्रह धरला. १५२४ मध्ये विटेनबर्ग येथे योहान वाल्टर यांचे बहुस्वरी गीतपुस्तक निघाले. त्यास ल्यूथर यांनी प्रस्तावना लिहिली. भाषा लोकांची आणि रचना वृंदाची, अशी ही जोड होती.

कॅथलिक चर्चमध्येही हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहिला. ट्रेंट येथील धर्मपरिषद १५४५ ते १५६३ या काळात भरली. तिच्या अखेरच्या टप्प्यात उपासनेतील संगीताची चर्चा झाली आणि गुंतागुंतीच्या रचनांत पवित्र शब्द कळेनासे होतात, ही तक्रार पुढे आली. पालेस्त्रिना या संगीतकाराने सुबोध शब्दांची एक मिस्सा रचून बहुस्वरी संगीताला बंदीपासून वाचवले, अशी कथा पुढे रूढ झाली. संशोधक तिला दंतकथा मानतात. १५६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोप मार्सेलस यांच्या नावाच्या त्या मिस्सेत शब्द स्पष्ट राहतील याची काळजी मात्र जागोजागी दिसते. लांबलचक मजकुराच्या भागांत आवाज बहुतांशी एकत्र चालतात. मोजके शब्द असलेल्या भागांत ते मोकळेपणाने गुंफले जातात. शब्द अधिक तेथे गुंफण कमी, हे सूत्र आपण लक्षात ठेवावे.

तिसरा टप्पा विसाव्या शतकातील आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जारी केला. त्यात लोकभाषेच्या वापराला वाव देण्यात आला, गायकवृंदांना उत्तेजन देण्यात आले, सर्व भाविकांचा गायनात सहभाग असावा असे सांगण्यात आले आणि निरनिराळ्या समाजांच्या स्वतःच्या संगीतपरंपरांचा आदर करण्यास सांगण्यात आले. त्यानंतर कॅथलिक चर्चमधून लॅटिनच्या जागी मराठी, कोकणी आणि इतर लोकभाषा मोठ्या प्रमाणावर ऐकू येऊ लागल्या. आपण ज्या प्रकारच्या महोत्सवाचा उल्लेख वर केला, त्याचे मराठी रूप या बदलामुळे शक्य झाले.

७.२.३ मराठी ख्रिस्ती काव्याची वाट

मराठीतून ख्रिस्ती आशय गाण्याची परंपरा मात्र यापेक्षा कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमधून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथासाठी त्यांनी युरोपीय छंद न घेता ओवी स्वीकारली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावक्षेत्रात, विशेषतः अहमदनगर परिसरात, मराठी उपासनागीते लिहिली जाऊ लागली. त्यांत पाश्चात्त्य चालींवरची गीते होती, तशीच देशी चालींवरची पदेही होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग आणि भजन यांतून ख्रिस्तभक्ती व्यक्त केली. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात देशी व पाश्चात्त्य हे दोन्ही प्रवाह एकत्र आढळतात.

टिळकांनी अभंगाकडे वळण्याची कारणे सांस्कृतिक होती, हे आपण साहित्येतिहासात वाचले आहे. त्यांना एक भाषिक बाजूही आहे. ती पुढील भागात पाहू.

७.२.४ उच्चारातील ‘अ’ आणि गायनातील ‘अ’

मराठीत ‘प्रेम’, ‘देव’, ‘गीत’, ‘नाम’ हे शब्द आपण दोन अक्षरांत लिहितो, पण बोलताना अखेरचा ‘अ’ उच्चारत नाही. प्रत्यक्षात आपण ‘प्रेम्’, ‘देव्’, ‘गीत्’, ‘नाम्’ असे म्हणतो. (‘जन्म’, ‘भक्त’ यांसारख्या जोडाक्षरान्त शब्दांत हा ‘अ’ काहीसा टिकतो.) गायनात मात्र लुप्त झालेला ‘अ’ परत येतो. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी ६ आणि चौथ्या चरणात ४ अक्षरे असतात. ही मोजणी लिखित अक्षरांची असते आणि प्रत्येक अक्षराला गाताना जागा मिळते. म्हणून अभंगात ‘देव’ हा शब्द ‘दे-व’ असा सहजपणे दोन अक्षरांत उभा राहतो. कानांना ते कृत्रिम वाटत नाही, कारण परंपरेने आपल्या कानांना तशी सवय लावली आहे.

आता पाश्चात्त्य चालीचा विचार करू. इंग्रजी भाषेत शब्दातील एका अक्षरावर आघात असतो आणि तेथील गीतांच्या चाली या आघातांवर रचलेल्या असतात. पुष्कळ चाली अशा आहेत की, पहिला स्वर हलका आणि दुसरा जोरकस असतो. ‘हलके-जड, हलके-जड’ अशी त्यांची चाल. या चालीवर ‘प्रेम’ हा शब्द बसवला तर काय होईल? ‘प्रे’ हे अर्थवाहक, दीर्घ अक्षर हलक्या स्वरावर निसटून जाईल. आणि बोलण्यात अस्तित्वातच नसलेला ‘मऽ’ जोरकस, लांब स्वरावर घुमत राहील. संपूर्ण वृंद चार स्वरांत हा ‘मऽ’ गातो तेव्हा शेवटच्या बाकावरील श्रोत्याला काहीतरी सुंदर ऐकू येते, पण ‘प्रेम’ ऐकू येत नाही.

याच चालीवर ‘कृपा’, ‘दया’, ‘क्षमा’, ‘सदा’ हे शब्द म्हणून पाहा. यांची घडणच ऱ्हस्व-दीर्घ आहे. हलका स्वर ऱ्हस्वाला, जड स्वर दीर्घाला मिळतो आणि शब्द नैसर्गिक राहतो. याउलट ज्या चालीचा आरंभच जोरकस स्वराने होतो, तेथे ‘प्रेम’ आणि ‘देव’ शोभतात. ‘दया’ मात्र ‘दऽया’ अशी ओढली जाते. ‘येशू’ या शब्दातील दोन्ही अक्षरे दीर्घ असल्याने तो दोन्ही प्रकारच्या चालींत निभावून जातो.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. परकी चाल मराठीला मुळातच अयोग्य असते, असे म्हणता येत नाही. कोणत्या स्वरावर कोणत्या घडणीचा शब्द ठेवायचा, याचे भान अनुवादकाने ठेवले तर ती चाल मराठीची होऊ शकते. ते भान नसेल तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष ओळसुद्धा गायनात परकी वाटते.

७.२.५ वृंदाचा उच्चार : शुद्धता की एकरूपता?

एकल गायक शब्दाचा उच्चार आपल्या मर्जीने करू शकतो. वृंदाला ते स्वातंत्र्य नसते. इंग्रजी किंवा लॅटिन गीताच्या तालमीत संचालक शब्दाअखेरचा ‘स्’ किंवा ‘त्’ नेमका कोणत्या क्षणी म्हणायचा हे हाताच्या खुणेने ठरवून देतो. कारण तीस जणांनी तो तीस वेगवेगळ्या क्षणी म्हटला तर शब्द न उमटता केवळ खसखस ऐकू येते. मराठी वृंदालाही असे निर्णय करावे लागतात. त्यांपैकी तीन प्रमुख आहेत.

(अ) अन्त्य ‘अ’ : ‘देव’ हा शब्द ‘देव्’ असा मिटायचा की ‘देवऽ’ असा उघडा ठेवायचा? चालीनुसार दोन्ही चालतील. पण अर्धा वृंद मिटेल आणि अर्धा उघडा ठेवील, हे चालणार नाही.

(आ) च-ज-झ यांचे दुहेरी उच्चार : ‘हे जगा’ या हाकेत ‘जगा’ म्हणजे विश्वा, आणि त्यातील ‘ज’ तालव्य आहे. ‘आनंदाने जगा’ या आज्ञेत तो दन्ततालव्य आहे. लिपीत भेद नाही. भेद केवळ उच्चारात आहे. वृंदात दोन्ही उच्चार मिसळले तर अर्थच डळमळतो.

(इ) बोलीभेद : उत्तर कोकणातील कोळी व आगरी बोलींत प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ आढळतो. हे बेफिकिरीने होत नाही. त्या बोलींच्या स्वनव्यवस्थेचा तो नियमित भाग आहे.

आता पुन्हा त्या महोत्सवाकडे वळू. ज्या वृंदाचे मी तीन गुण कमी केले, त्यातील प्रत्येक जण ‘पालना’च म्हणत होता, एकाच क्षणी, एकाच रीतीने. परिणामी त्यांच्या गीतातील प्रत्येक शब्द मला स्पष्ट कळला होता. कळला नसता तर ‘ळ’ऐवजी ‘ल’ आला हे तरी मी कसे टिपले असते? त्याच दिवशी मी ज्या वृंदाला नऊ गुण दिले, त्याचे ‘ळ’ आणि ‘ण’ निर्दोष होते. पण त्यांच्या अनुवादित गीतातील ‘प्रेम’, ‘नाम’, ‘गीत’ हे शब्द शेवटच्या ‘अ’वर हेलकावत होते आणि हातातील छापील कागद पाहिल्याशिवाय मला ओळ लागत नव्हती. मी लिपीचे मोजमाप केले होते, ऐकण्याचे नव्हे. एक भाषाभ्यासक म्हणून ही माझी चूक होती. निकाल जाहीर झालेला असल्याने गुण बदलता आले नाहीत. पुढील खेपेसाठी ‘शुद्ध उच्चार’ हे सदर बदलून ‘सुबोधता व एकरूपता’ असे करावे, एवढे मी आयोजकांना सुचवले.

याचा अर्थ प्रमाण उच्चाराला मूल्य नाही असा नव्हे. अनेक बोलींचे भाषक एकाच वृंदात असतात तेव्हा प्रमाण मराठी हा सोयीचा समान आधार ठरतो. तसेच नेमून दिलेल्या गीतात सर्व वृंदांना एकच मजकूर असेल, तर छापील रूपाला धरून राहण्याची अपेक्षा रास्त आहे. परंतु पाळणा हा घरातून आलेला गीतप्रकार आहे. तो घरच्या बोलीत गायिला गेला तर भाषा बिघडत नाही; ती जिथून आली त्या जागेची आठवण तिच्यासोबत राहते. ल्यूथर यांच्यापासून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत ‘लोकांची भाषा’ हा शब्दप्रयोग आपण वाचला. कोळीवाड्यातील त्या वृंदाने तो शब्दशः घेतला होता.

७.३ सारांश

वृंदगानात अनेक आवाज भिन्न स्वरांवर एकच शब्द उच्चारतात. रचनेची गुंफण आणि वास्तूचा प्रतिध्वनी यांमुळे नाद समृद्ध होतो, पण शब्द अस्पष्ट होण्याचा धोका असतो. चर्चच्या इतिहासात ‘शब्द कळतात का?’ हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला. मराठीत अभंग-ओवीसारखे छंद अक्षराला स्थान देतात. आघातप्रधान चालींवर मात्र शब्दाची ऱ्हस्व-दीर्घ घडण पाहूनच निवड करावी लागते. वृंदाच्या उच्चाराची कसोटी एकरूपता आणि सुबोधता ही आहे. बोलीतील नियमित उच्चाराला दोष मानता येत नाही.

७.४ पारिभाषिक शब्द

धर्मग्राम : एका चर्चच्या कक्षेतील भाविकांचा समुदाय व परिसर.
स्वरपंक्ती : वृंदातील एका गटाने गायची स्वतंत्र चाल.
होमोफोनी : सर्व स्वरपंक्तींत एकाच क्षणी एकच अक्षर येणारी रचना.
पॉलिफोनी : स्वरपंक्ती स्वतंत्रपणे प्रवेश करून परस्परांत गुंफल्या जाणारी रचना.
अन्त्य अ-लोप : शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘अ’ बोलताना न उच्चारला जाणे.

७.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

प्रश्न १. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत मिळून किती अक्षरे असतात?
प्रश्न २. ‘हलके-जड’ चालीवर ‘दया’ आणि ‘देव’ यांपैकी कोणता शब्द नैसर्गिक वाटेल? का?
प्रश्न ३. ‘हे जगा’ आणि ‘आनंदाने जगा’ यांतील उच्चारभेद सांगा.

उत्तरे : (१) ६ + ६ + ६ + ४ = २२. (२) ‘दया’, कारण त्याची घडण ऱ्हस्व-दीर्घ आहे, तर ‘देव’मधील लुप्त ‘अ’वर जोर पडेल. (३) पहिल्यातील ‘ज’ तालव्य, दुसऱ्यातील दन्ततालव्य.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘शब्द अधिक तेथे गुंफण कमी’ या सूत्राचे स्पष्टीकरण करा.
२. समूहगायनात बोलीचा उच्चार स्वीकारावा की नाही, याविषयी आपले मत सकारण मांडा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील चर्चचा गायकवृंद, भजनी मंडळ, शाळेतील समूहगान किंवा अन्य कोणतेही सामूहिक गायन शेवटच्या रांगेत बसून ऐका. गीताचा मजकूर आधी वाचू नका. जे शब्द कळले ते एका रकान्यात आणि जेथे शब्द निसटले ती स्थाने दुसऱ्या रकान्यात नोंदवा. नंतर मजकूर मिळवून तुलना करा. शब्द निसटण्याचे कारण चाल, वास्तू, विसंगत उच्चार की आपल्या कानांची सवय, हे प्रत्येक ठिकाणी ठरवा. यातील शेवटचे कारण लिहिण्यास संकोच करू नका. प्रस्तुत लेखकालाही ते उशिराच उमगले.